खोलीसकट ऐकायचं गाणं

रेकॉर्डवर सुई टेकते आणि गाण्याच्याही आधी खोली ऐकू येते. टेपची बारीक सूं, चार भिंतींत कोंडलेला घुमारा. मग सुरात जेमतेम लावलेली गिटार धडाधड वाजू लागते आणि तिच्यावर एक माणूस गातो, किंचाळतो, खदाखदा हसतो. त्याचं ओरडणं माइकला झेपत नाही आणि आवाज फाटतो. गाणारा थांबत नाही. दोन-तीन मिनिटांत सगळा गोंधळ आटोपतो, तेव्हा कुठे ऐकणाऱ्याच्या लक्षात येतं की गिटार, ड्रम आणि गळा ही तिन्ही कामं एकटा माणूस एकाच वेळी करत होता.

त्या माणसाचं नाव हॅसल ॲडकिन्स आणि रेकॉर्डचं नाव 'आउट टू हंच'. न्यूयॉर्कच्या नॉर्टन रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीने १९८६ साली ती काढली. त्यातली गाणी मात्र त्याच्या वीस-तीस वर्षं आधीची, साधारण १९५५ ते १९६५ या काळातली, आणि वेस्ट व्हर्जिनियातल्या डोंगरात घरच्या घरी टेप केलेली. रॉकअबिली या संगीतप्रकाराचे असंख्य संग्रह आजवर निघाले आहेत. मोठ्या नावांचे, गाजलेल्या गाण्यांचे, उत्तम छपाईच्या जाड पुस्तिकांसह निघालेले. त्या सगळ्यांत हा सर्वांत ओबडधोबड. आणि रॉकअबिली म्हणजे नेमकं काय हे एकाच रेकॉर्डवरून समजून घ्यायचं असेल, तर हाच संग्रह हाती घ्यावा.

रॉकअबिली हा शब्द 'रॉक' आणि 'हिलबिली' यांच्या जोडणीतून आला. हिलबिली म्हणजे ॲपलेशियन डोंगररांगांत राहणारा गरीब गोरा माणूस. शहरातले लोक हा शब्द हिणवायलाच वापरत. या डोंगरातल्या लोकांचं फिडल-बँजोवरचं कंट्री संगीत आणि अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांचं ऱ्हिदम अँड ब्लूज, या दोन प्रवाहांचा संगम १९५०च्या दशकात झाला. त्याचं सगळ्यात प्रसिद्ध ठिकाण म्हणजे मेम्फिस शहरातला ७०६, युनियन ॲव्हेन्यू हा पत्ता. सॅम फिलिप्स यांनी १९५० च्या जानेवारीत तिथे 'मेम्फिस रेकॉर्डिंग सर्व्हिस' उघडली. काहीही, कुठेही, कधीही रेकॉर्ड करून मिळेल, अशी त्यांची जाहिरात होती. लग्न असो की भाषण, पैसे भरा आणि तबकडी घेऊन जा.

१९५३ च्या उन्हाळ्यात अठरा वर्षांचा एल्व्हिस प्रेस्ली तिथे सुमारे चार डॉलर घेऊन गेला आणि 'माय हॅपिनेस' हे गाणं त्याने तबकडीवर कोरून घेतलं. घरी रेकॉर्ड प्लेअर नव्हता, म्हणून ती त्याने मित्राच्या घरी नेऊन वाजवली आणि तिथेच ठेवून दिली. २०१५ च्या जानेवारीत त्या एकुलत्या एक तबकडीचा लिलाव झाला तेव्हा ती तीन लाख डॉलरला गेली. घेणारा होता संगीतकार जॅक व्हाइट. हौसेने, कुणी विकत घेईल या आशेशिवाय केलेलं रेकॉर्डिंग इतक्या किमतीला जावं, यात त्या गाण्याच्या उत्तमपणाचा भाग थोडाच आहे. एक मुलगा पहिल्यांदाच यंत्रापुढे उभा राहून स्वतःचा आवाज अजमावतो आहे, हे त्या तबकडीत ऐकू येतं. किंमत त्याची आहे.

वर्षभराने, ५ जुलै १९५४ च्या रात्री, तोच एल्व्हिस गिटारिस्ट स्कॉटी मूर आणि बासवादक बिल ब्लॅक यांच्यासोबत त्याच खोलीत उभा राहिला. त्या दिवसांतल्या कामातून जी पहिली तबकडी निघाली, तिच्या एका बाजूला कृष्णवर्णीय ब्लूज गायक आर्थर क्रुडप यांचं 'दॅट्स ऑल राइट' होतं, तर दुसऱ्या बाजूला बिल मन्रो यांचं 'ब्लू मून ऑफ केंटकी' हे डोंगरी ब्लूग्रास. रॉकअबिलीची सगळी कुंडली या दोन बाजूंत मांडलेली आहे. ड्रम नव्हताच. ब्लॅक आपल्या उभ्या बासच्या जाड तारा ओढून लाकडी पट्टीवर आपटत होता आणि ठेका त्या 'टक-टक'मधून येत होता. त्यात फिलिप्स यांनी टेपचं दुसरं यंत्र जोडलं. टेपवर आवाज उमटवणारं हेड आणि तो वाचणारं हेड यांच्यात बोटभर अंतर असतं. टेपला ते ओलांडायला जो निमिषभर उशीर होतो, तेवढ्याने मूळ आवाजामागे एक झटपट प्रतिध्वनी येतो. याला स्लॅपबॅक म्हणतात. तीन माणसं आणि लहानशी खोली, एवढ्यावर हे संगीत उभं राहिलं. म्हणूनच ते कुणाच्याही घरात करून पाहता येण्यासारखं होतं, आणि अनेकांनी तसं करून पाहिलंही.

घरात करायचं तर टेपरेकॉर्डर हवा, आणि तो अमेरिकेत आला युद्धातून. चुंबकीय टेपचं यंत्र जर्मनीत १९३०च्या दशकात एईजी कंपनीने तयार केलं होतं. दुसरं महायुद्ध संपल्यावर जॅक मलिन या अमेरिकी सैन्यातल्या अभियंत्याने अशी दोन यंत्रं सुटी करून मायदेशी आणली आणि १९४६ साली सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचं प्रात्यक्षिक दाखवलं. रेडिओवर ठरल्या वेळी थेट गाण्याला कंटाळलेला गायक बिंग क्रॉस्बी याने ॲम्पेक्स या लहान कंपनीत ५०,००० डॉलर घातले आणि १९४८ मध्ये ॲम्पेक्सचं यंत्र बाजारात आलं. पुढच्या काही वर्षांत घरगुती वापराचे स्वस्त टेपरेकॉर्डर दुकानांत दिसू लागले.

त्याचा परिणाम पाहायचा तर लेस पॉल आणि मेरी फोर्ड यांचं 'हाऊ हाय द मून' आठवावं. न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्समधल्या तळघरातल्या घरात आवाजावर आवाज चढवत केलेलं हे गाणं १९५१ मध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. दुसरं उदाहरण जॉनी कॅशचं. जर्मनीतल्या लँड्सबर्गच्या हवाई तळावर नोकरीला असताना त्याने टेपरेकॉर्डर घेतला होता. एकदा यंत्रात टेप उलटी लावली गेली आणि उलट वाजणाऱ्या गिटारचा एक विचित्र, गुंगवणारा नाद त्याच्या कानात बसला. पुढे 'आय वॉक द लाइन'ची चाल त्या नादातून सुचली, ही हकीकत त्याने स्वतःच सांगितलेली आहे. ते गाणं १९५६ सालचं. चूक, अपघात, खोलीतली गडबड, यांना स्टुडिओत जागा नसते. घरच्या यंत्रापुढे ती असते.

आता त्या डोंगराकडे जाऊ.

वेस्ट व्हर्जिनियाच्या दक्षिण भागात बून काउंटी आहे, मॅडिसन हे तिचं मुख्य गाव. अरुंद दऱ्या, मधून वाहणारे ओढे, दोन्ही बाजूंना झाडीने भरलेले डोंगर आणि डोंगरांच्या पोटात कोळसा. या भागातल्या कोल नदीकाठी १७४२ मध्येच कोळसा सापडल्याची नोंद आहे. १९२१ मध्ये संघटनेच्या हक्कासाठी हजारो खाणकामगार शस्त्रं घेऊन याच वाटेने शेजारच्या लोगन काउंटीतल्या ब्लेअर माउंटनकडे निघाले होते आणि त्यांना पांगवायला सरकारला लष्कर पाठवावं लागलं होतं. १९५०च्या दशकात खाणींत यंत्रं आली आणि राज्यातल्या खाणकामगारांची संख्या निम्म्याहूनही खाली घसरली. घरटी एक तरी माणूस बेकार, अशी खेडीच्या खेडी मागे राहिली.

या काउंटीत, एका खाणकामगाराच्या मोठ्या कुटुंबात, २९ एप्रिल १९३७ रोजी हॅसल ॲडकिन्स जन्मला. त्याच्या बालपणाची एक गोष्ट तो नेहमी सांगायचा. रेडिओवर हँक विल्यम्सचं गाणं लागे आणि निवेदक फक्त हँक विल्यम्सचंच नाव घेई. पोराला वाटलं, गिटार, फिडल, बास, सगळं हाच एक माणूस वाजवत असणार. मग आपणही तसंच करायला हवं. गैरसमज कळेपर्यंत हाताला आणि पायाला सवय लागून गेली होती. हातात गिटार, एका पायाखाली मोठा ड्रम, दुसऱ्या पायाखाली झांजा, जमेल तेव्हा तोंडाशी हार्मोनिका, आणि गाणारा गळा. आयुष्यभर तो असाच वाजवत राहिला.

गोष्ट गोड आहे म्हणून ती पुन्हा पुन्हा सांगितली जाते, पण तिच्यात संगीताचीही एक किल्ली आहे. चार माणसं एकत्र वाजवतात तेव्हा त्यांना एका लयीवर ठरून चालावं लागतं. एकट्याला ती अडचण नसते. ॲडकिन्सला वाटलं की तो वेग वाढवतो, शब्द लांबला तर ठेका एक मात्रा थांबवून धरतो, हसू आलं तर गिटार तशीच वाजत ठेवून पोटभर हसून घेतो. हात, पाय आणि गळा एकाच डोक्याच्या हुकमावर चालत असल्यामुळे सगळी वाद्यं एकदम घसरतात आणि एकदमच सावरतात. जमवलेल्या वाद्यवृंदाकडून हे कधीही होणार नाही. शिकलेल्या कानाला ते आधी चुकलेलं वाटतं, आणि दुसऱ्यांदा ऐकताना कळतं की चुकतं आहे ते त्याचं त्याच्यापुरतं एकदम बरोबर आहे.

गाण्यांचे विषय तर आणखी अजब. कोंबड्या हा त्याचा आवडता विषय. 'चिकन वॉक'मध्ये कोंबडीच्या चालीचा नाच आहे. पुढे नॉर्टनने त्याची फक्त कोंबड्यांवरची गाणी गोळा करून 'पोल्ट्री इन मोशन' हा वेगळा संग्रह काढला, इतकी ती गाणी होती. 'द हंच' हा त्याने स्वतः शोधलेला नाच. कंबर पुढे हिसकायचा, भल्या घरात न शोभणारा, आणि संग्रहाला नाव मिळालं तेही त्याच्यावरून. 'नो मोअर हॉट डॉग्ज'मध्ये प्रियकर प्रेयसीला बजावतो की तुझं मुंडकं कापून भिंतीवर लावणार आहे, मग तुला हॉट डॉग खाता येणार नाहीत. हे सांगताना तो ज्या रीतीने हसतो, ते हसू पहिल्यांदा ऐकणारा दचकतोच. भयपट आणि जत्रेतला तंबू यांच्या मधली ही जागा आहे. लहान मुलांनी भुताची गोष्ट सांगताना मधेच किंचाळून दुसऱ्याला घाबरवावं, तसा हा आनंद आहे, आणि तसाच तो ऐकायला हवा.

संग्रहातलं सर्वांत भक्कम गाणं 'शी सेड'. रात्री भेटलेल्या बाईजवळ सकाळी जाग आल्यावर एका माणसाला ती कशी दिसते, एवढाच मजकूर. तिच्या रूपाला तो उपमा देतो ती 'कमोडिटी मीट'च्या डब्याची. अमेरिकेबाहेरचा श्रोता इथे अडखळतो, कारण हा पदार्थ दुकानात मिळत नसे. शेतमालाच्या सरकारी खरेदीतून उरलेलं अन्न गरिबांना फुकट वाटलं जाई, त्यात मांसाचे हे डबे असत. १९६० च्या मे महिन्यात जॉन केनेडी वेस्ट व्हर्जिनियात प्रचाराला फिरले आणि तिथली उपासमार त्यांनी जवळून पाहिली. २१ जानेवारी १९६१ रोजी राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांनी काढलेला पहिलाच आदेश गरजू कुटुंबांना जास्त आणि चांगलं अन्न देण्याचा होता. त्याच वर्षी मे महिन्यात या राज्याच्या मॅकडॉवेल काउंटीत अन्नकुपनांचा प्रयोगही सुरू झाला. म्हणजे हा डबा ॲडकिन्सच्या शेजारपाजारच्या कितीतरी घरांत असणार. ॲपलेशियातल्या दारिद्र्यावर त्या काळात अहवाल आणि लेख भरपूर निघाले. त्यातल्या एकाही वाक्यात जे नाही ते या विनोदी, किंचाळणाऱ्या गाण्यात आहे: सरकारी डब्याची चव रोज घेणाऱ्या माणसाने त्याची केलेली थट्टा.

साठच्या दशकात त्याच्या काही गाण्यांच्या छोट्या तबकड्या स्थानिक कंपन्यांनी काढल्या. त्या जवळपास कुणीच घेतल्या नाहीत. ॲडकिन्स टेप करत राहिला आणि टेपा पोस्टाने पाठवत राहिला. रेकॉर्ड कंपन्यांना पाठवल्या, थेट व्हाइट हाऊसलाही पाठवल्या. १९७० साली राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्याकडून आभाराचं सौजन्यपूर्ण पत्र आलं. तेवढंच. आपल्याकडे सात हजार गाणी आहेत असं तो म्हणायचा. आकडा मोजून कुणी पाहिलेला नाही, पण खोक्यांत भरलेल्या टेपा खऱ्या होत्या.

या खोक्यांपर्यंत बाहेरचं जग पोचलं ते जुन्या तबकड्या गोळा करणाऱ्या वेड्या माणसांमुळे. सत्तरच्या दशकात रॉकअबिलीची नवी लाट आली, तीही युरोपात आधी आणि जास्त जोराने. ब्रिटन, हॉलंड, जर्मनी इथल्या संग्राहकांनी अमेरिकेतल्या विस्मृतीत गेलेल्या गायकांच्या तबकड्या शोधून त्यांचे संग्रह काढायला सुरुवात केली. न्यूयॉर्कमध्ये १९७६ साली उभ्या राहिलेल्या 'द क्रॅम्प्स' या बँडने त्या अडगळीतल्या गाण्यांना नवं आयुष्य दिलं. २०२२ मध्ये 'वेन्सडे' या मालिकेतला काळ्या पोशाखातल्या मुलीचा नाच जगभर गाजला. त्या नाचामागचं 'गू गू मक' हे गाणं क्रॅम्प्सचंच, १९८१ मधलं. तेही मुळात १९६२ च्या एका विसरलेल्या तबकडीवरचं. आणि क्रॅम्प्सच्या त्या १९८१ च्या छोट्या रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला होतं 'शी सेड'. बून काउंटीतल्या माणसाचं गाणं असं आधी दुसऱ्याच्या तोंडून जगात गेलं.

क्रॅम्प्समध्ये सुरुवातीच्या काळात ड्रम वाजवणाऱ्या मिरियम लिना आणि त्यांचे जोडीदार बिली मिलर हे दोघं 'किक्स' नावाचं संगीताचं नियतकालिक काढत. ॲडकिन्सचा माग काढत ते त्याच्यापर्यंत पोचले, त्याच्या टेपा ऐकल्या, आणि या टेपा बाहेर याव्यात म्हणूनच १९८६ साली नॉर्टन रेकॉर्ड्स ही कंपनी काढली. 'आउट टू हंच' ही तिची पहिली रेकॉर्ड. एखाद्या गायकासाठी कंपनी निघते तेव्हा त्यामागे बहुधा बाजाराचा हिशेब असतो. इथे पन्नाशीकडे झुकलेला, आपल्या डोंगराबाहेर जवळपास कुणालाच ठाऊक नसलेला माणूस आणि वीस-तीस वर्षं जुन्या टेपा, एवढंच भांडवल होतं.

अशा टेपांचा संग्रह करणं म्हणजे काय काम असतं, हे थोडं सांगायला हवं. महाराष्ट्रात ज्या घरांत जुन्या खाजगी मैफिलींच्या 'स्पूल' जपल्या आहेत त्यांना त्यातल्या अडचणी चांगल्या ठाऊक असतील. स्टुडिओत टेप सेकंदाला १५ इंच वेगाने धावते. घरच्या यंत्रावर हा वेग साडेसात किंवा पावणेचार इंच असतो. वेग जितका कमी, तितके वरचे बारीक स्वर कमी उमटतात आणि टेपची सूं जास्त ऐकू येते. यंत्राची मोटर जरा मंद चालली असेल तर आज नीट वेगाने वाजवल्यावर गाणं वरच्या पट्टीत जातं, गाणारा चिरक्या आवाजाचा वाटतो. स्पूलवर टेपचे थर एकावर एक दाबून बसलेले असतात, त्यामुळे एका थरावरचा आवाज शेजारच्या थरावर पुसट उतरतो आणि गाणं सुरू होण्याआधीच त्याचं भूत ऐकू येतं. पन्नासच्या दशकातल्या पुष्कळ टेपांची पट्टी ॲसिटेटची. ती वाळली की तटकन तुटते, आणि सडू लागली की खोक्यातून व्हिनेगरचा वास येतो.

हे सगळं सांभाळल्यावर खरा प्रश्न उभा राहतो: साफ किती करायचं? या प्रश्नाचं एक उत्तर १९५९ साली दिलं गेलं होतं आणि ते चुकीचं होतं.

बडी हॉली हा टेक्ससचा गायक १९५८ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये बायकोसोबत राहायला आला. फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या ब्रेव्होर्ट या इमारतीतल्या घरात त्याच्याकडे ॲम्पेक्सचा टेपरेकॉर्डर होता. डिसेंबर आणि जानेवारीत त्याने तिथे एकट्याने, एका गिटारवर, 'पेगी सू गॉट मॅरिड', 'क्राइंग, वेटिंग, होपिंग', 'लर्निंग द गेम' अशी नवी गाणी टेप केली. ३ फेब्रुवारी १९५९ रोजी आयोवात विमान पडलं आणि तो गेला. वय २२. या टेपा हाती आल्यावर त्याच्या रेकॉर्ड कंपनीने त्यांच्यावर ड्रम, जादा गिटारी आणि मागून गाणारा कोरस चढवून त्या बाजारात आणल्या. पुढे साठच्या दशकात हॉलीचे जुने निर्माते नॉर्मन पेटी यांनी दुसऱ्या एका बँडला घेऊन त्याच टेपांवर पुन्हा नवं वाजवणं चढवलं. गाणी गाजली. पण घरात, कदाचित रात्री, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून दबक्या आवाजात गाणारा तरुण त्या कोरसखाली पुरला गेला. कसलीही भर न घातलेल्या या टेपा २००९ च्या, म्हणजे मृत्यूनंतर अर्ध्या शतकाने निघालेल्या, 'डाउन द लाइन' या संचात ऐकायला मिळतात. दोन्ही एकामागोमाग ऐकून पाहावीत. कोरसवालं गाणं १९६० मधलं वाटतं. एकट्या गिटारवरचं आज सकाळी गायलेलं वाटतं.

नॉर्टनने ॲडकिन्सच्या बाबतीत असं काहीही केलं नाही. वर वाद्यं चढवली नाहीत, फाटलेला आवाज शिवला नाही. गाणी निवडली, क्रम लावला आणि जशी होती तशी छापली. संग्राहकाचं काम पाहायचं ते इथे. शेकडो टेपांतून कोणत्या घ्यायच्या हे ठरवणं सोपं नसतं, कारण ॲडकिन्सने संथ, रडकी कंट्री गाणीही भरपूर केली होती आणि त्यातली कितीतरी अतिशय सुंदर आहेत. ती नंतर 'मून ओव्हर मॅडिसन'मध्ये वेगळी काढली गेली. पहिल्या रेकॉर्डवर मात्र जोर ठेवला तो त्या जंगली, पळत सुटलेल्या गाण्यांवर. हा निर्णय शंभर टक्के बरोबर होता. ऐकणाऱ्याला एकाच बैठकीत एका खोलीचा, एका माणसाचा, एका दशकाचा पत्ता लागतो.

नॉर्टनने पुढे लिंक रे या गिटारिस्टचीही जुनी, विखुरलेली रेकॉर्डिंग 'मिसिंग लिंक्स' या मालिकेत गोळा केली. १९५८ च्या 'रंबल'साठी स्पीकरला पेन्सिलीने भोकं पाडून आवाज फाडणारा हाच तो माणूस. मेरीलँडमधल्या ॲकोकीक इथे त्याच्या कुटुंबाच्या जागेत कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ केलेला होता, आणि तीन ट्रॅकच्या यंत्रावर तिथे केलेली गाणी १९७१ साली पॉलिडोरने प्रसिद्ध केली. मोठ्या कंपन्यांनाही हळूहळू कळत होतं. १९८२ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीनने न्यू जर्सीतल्या घरात चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर गाण्यांचे कच्चे नमुने केले. बँडला घेऊन ती पुन्हा स्टुडिओत केली, पण नमुन्यांतला जीव पुन्हा येईना. शेवटी ती कॅसेटच 'नेब्रास्का' म्हणून बाजारात आली. हॉलीच्या वाट्याला जे आलं नाही ते तेवीस वर्षांनी स्प्रिंगस्टीनच्या वाट्याला आलं, कारण एव्हाना ऐकणाऱ्यांचे कान बदलले होते.

ॲडकिन्सला त्याच्या हयातीत थोडं यश पाहता आलं. नॉर्टनने 'पीनट बटर रॉक अँड रोल'सारखे आणखी संग्रह काढले. १९९३ मध्ये ज्युलियन निट्झबर्ग यांनी त्याच्यावर 'द वाइल्ड वर्ल्ड ऑफ हॅसल ॲडकिन्स' हा माहितीपट केला. १९९८ साली मिसिसिपीतल्या फॅट पॉसम कंपनीने त्याची नवी रेकॉर्ड काढली. शहरातल्या क्लबांत तो एकटाच गिटार-ड्रम घेऊन बसायचा आणि त्याच्या वयाच्या निम्म्या वयाची पोरं पुढे उड्या मारायची. राहायला मात्र तो बून काउंटीतच राहिला. २६ एप्रिल २००५ रोजी तो तिथल्या घरी मृतावस्थेत आढळला. तीन दिवसांनी त्याला ६८ वर्षं पूर्ण झाली असती.

ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी चक्रीवादळात ब्रुकलिनच्या रेड हुक भागात समुद्राचं पाणी शिरलं आणि तिथलं नॉर्टनचं गोदाम बुडालं. हजारो रेकॉर्ड खाऱ्या पाण्यात भिजल्या. बातमी पसरली तसे ओळखीचे-अनोळखी लोक येऊन बसले. फुगलेली वेष्टनं काढून टाकायची, तबकडी धुवायची, वाळवायची, नव्या वेष्टनात घालायची, असं काम दिवसेंदिवस चाललं. बिली मिलर २०१६ मध्ये गेले. कंपनी मिरियम लिना चालवत राहिल्या.

ज्यांना हे सगळं ऐकायची इच्छा झाली असेल त्यांनी 'शी सेड'पासून सुरुवात करावी, मग 'चिकन वॉक' आणि 'द हंच', आणि 'नो मोअर हॉट डॉग्ज' सगळ्यात शेवटी. हेडफोन लावू नयेत. स्पीकरवर मोठ्याने लावावं, म्हणजे बून काउंटीतली ती खोली आपल्या खोलीत येते. सोबत बडी हॉलीच्या घरच्या टेपाही ऐकाव्यात, पण कोरस नसलेल्या.